हेरवाडचा ठराव होऊन गेला, तुमच्या गावात-गल्लीत खरंच काही बदललेलं दिसतंय का?

शिरोळकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. रोज पेपर उघडला की तेच, कुठं जातीवरून गाव पेटलं, कोण कुठल्या पक्षात गेलं, कुणी कुणाला मारलं. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत "ह्या देशाचं काही होत नाही" यावर रोज एकमत होतं आणि मग सगळे समाधानानं चहाला जातात. मला ते वाक्य आता ऐकवत नाही म्हणून धागा काढतोय.

मी मूळचा शिरोळ तालुक्यातला, नोकरी पुण्यात. हेरवाड आमच्यापासून फार लांब नाही. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या तोंडावर, हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असंच करा म्हणून सांगितलं. माणगावनं (हातकणंगले तालुक्यातलं, १९२० च्या परिषदेचं माणगाव, जिथं शाहू महाराज आणि बाबासाहेब एकत्र आले होते) पाठोपाठ केला, टीव्हीवाले येऊन गेले, आणि मग नेहमीप्रमाणे सगळे विसरले.

आता मुद्दा. मागच्या पावसाळ्यात धाकटे चुलते गेले. मयत उचलायच्या आधी भावकीतल्या दोन म्हाताऱ्या काकीजवळ सरकल्या, कशाला ते सगळ्यांना माहिती होतं. तेवढ्यात चुलतभाऊ, जो एरवी गावात कुणाच्या अध्यात ना मध्यात, ग्रामसभेला तर कधी गेलेला नाही, तो आवाज न चढवता म्हणाला, "आज्जी, ऱ्हाऊ दे. ठराव झालाय." बस एवढंच. आमच्या गावात असा ठराव झालाय का हे मला अजून माहिती नाही, हेरवाडात झालाय हे नक्की 😀 पण आज्जी थांबल्या. "आता समदं ठरावावर चालतंय व्हय" असं पुटपुटत मागं सरकल्या. काकीच्या हातात बांगड्या तशाच राहिल्या आणि मला वाटलं होतं तसं आभाळबिभाळ काही कोसळलं नाही.

तर प्रश्न असा आहे की असं तुमच्याकडं काय दिसतंय. पुरस्कारवालं नको, भाषणातलं नको, तुमच्या डोळ्यादेखतचं. पहिल्यांदा नाही कोण म्हणालं, भावकीनं काय केलं, आणि मुख्य म्हणजे वर्षभरानं काय? कारण मयताच्या दिवशी बांगड्या राहिल्या हे एक आणि संक्रांतीला काकीला वाण द्यायला कोण आलं हे वेगळं.

---

झेडपीच्या_बाई

छान धागा. मी साताऱ्याच्या पूर्वेला दुष्काळी पट्ट्यात शिक्षिका आहे, गावाचं नाव लिहीत नाही कारण आमच्या गावातले निम्मे इथं वाचायला असतात.

आमच्याकडे घरोघरचं हळदीकुंकू कमी झालंय आणि ग्रामसंघाचं वाढलंय. ग्रामसंघ म्हणजे उमेदच्या बचत गटांचा मिळून असतो तो. आमच्या ग्रामसंघाच्या कोषाध्यक्ष ज्या आहेत त्यांचे मिस्टर वारून बरीच वर्षं झाली. पासबुक त्यांच्याकडे, बँकेत सही त्यांची, कुणाचा हप्ता थकला कुणाचा आला हे सगळं त्यांच्या वहीत. आता तुम्हीच सांगा, जिच्याकडं पोराच्या फीसाठी कर्ज मागायला जायचं तिला हळदीकुंकवाला दाराशी बसवायची कुणाची छाती होणार? पहिल्या वर्षी थोडी चुळबुळ झाली, ताट त्यांच्यापर्यंत आलं आणि दोन सेकंद थांबलं. मग आमच्यातल्या एका आगाऊ सूनबाईनं (ही आशाताई आहे, तिला कुणाची भीती नाही) सरळ कुंकू लावलं आणि म्हणाली "काकू, माझं मागच्या महिन्याचं तेवढं लिहून घ्या हं". सगळ्या हसल्या, विषय संपला. ठराव वगैरे आमच्या गावात काही झालेला नाही.

म्हणजे माझं मत असं की परंपरा चूक आहे हे पटवून कुणी बदललं नाही, त्या बाईच्या हातात वही आली म्हणून बदललं. हे फार उदात्त नाही, पण आहे ते असं आहे.

दुसरं एक, एसटीचं अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा माझ्यासकट सगळ्या स्टाफरूमनं नाकं मुरडली होती की महामंडळ बुडणार. महामंडळाचं ते बघून घेतील, पण म्हसवडच्या बाजाराला एकट्या जाणाऱ्या बायका मी आता बघते. त्यात विधवा बायका किती आहेत बघा, ज्या आधी "कोण नेईल" म्हणून घरी असायच्या. कंडक्टर म्हणतो बाई, गाडीत पुरुष शोधावा लागतो. म्हसवडला माणदेशी महिला बँक आहे १९९७ पासूनची, तिथं जायला सुद्धा आधी कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून जायला लागायचं.

---

खडूस_बीडकर

रसभंग करतो, माफी असावी. बांगड्या राहिल्या, चांगलं झालं. जमीन राहिली का?

आमच्याकडचं सांगतो. दाजी गेले. कर्ज होतं, कसे गेले ते लिहीत नाही, बीड म्हटल्यावर कळंल तुम्हाला. तेराव्याच्या आत बहिणीच्या पुढं कागद आला. दीर म्हणला वहिनी सही करा, पुढचं नंतर बघू, लेकरं काय आमची नाहीत का. कागद काय तर हक्कसोड. बांगड्या कुणी फोडल्या नव्हत्या बरं का, कुंकूबी पुसलं नव्हतं, घर सुधारलेलं आहे, दीर कॉलेजात शिकवतो. आमची आई तिथंच बसलेली, तिला वाचता येत नाही, पण ती म्हणली "चष्मा आणते लेकीचा, वाचून सही करंल ती", आणि तो कागद घेऊन जी आत गेली ती बाहेर आलीच नाही.

मग वारस नोंदीचा अर्ज दिला, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, प्रतिज्ञापत्र. तलाठ्यानं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांना) फेरफार धरला, नोटीस काढली, पंधरा दिवसांच्या आत दीरानं हरकत घेतली, मग ती तक्रारी नोंद झाली, मंडळ अधिकाऱ्याकडं तारखा. हे सगळं चालू असताना त्याच घरात ती राहत होती आणि त्याच चुलीवर सैपाक करत होती हे ध्यानात घ्या. शेवटी नाव लागलं. तिचं, लेकरांचं आणि सासूचं. सासूचंबी लागतं, मुलाच्या मालमत्तेत आईला वाटा असतो, हे त्या म्हातारीला वयाच्या सत्तरीत कळलं आणि तेव्हापासून तिनं पोराचं ऐकायचं बंद केलं ते वेगळंच 😂

अजून एक, मुलगा बापाच्या आधी गेला तरी त्याची बायको सासऱ्याची पहिल्या वर्गातली वारस असते, सासरा मृत्युपत्र न करता गेला तर तिला वाटा आहे. १९५६ चा कायदा हाय हो. आमच्या इकडच्या पुढाऱ्यांना विचारा, अजून "सुनेचा काय संबंध" म्हणत्यात.

आता तुम्ही चांगलं सांगा म्हणला म्हणून सांगतो. गेल्या वर्षी, २०२५ ला, ती जिवंत सातबारा मोहीम आली ना, मेलेल्या खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, तेव्हा आमच्या गावात चावडीवाचन झालं. मेलेल्या माणसाचं नाव वाचायचं आणि वारस कोण विचारायचं. तीन पिढ्या मेलेल्या माणसांच्या नावावर जमिनी, सगळं गाव जमलेलं. एका नावामागं कुणीतरी मुलांची नावं सांगून गप बसलं तर मागून एक पोरगी उठून म्हणली "आणि चुलती? आणि दोन आत्या?" बारावीतली असंल. सगळे तिच्याकडं बघायला लागले, पर लिहिणारानं लिहिलं की हो. मला ते हळदीकुंकवापेक्षा मोठं वाटतं, राग मानू नका बाई.

बहिणीचं म्हणाल तर यंदा आडतीवर सोयाबीन घातलं, पट्टी तिच्या नावानं निघाली. तिनं मला फोटो पाठवला, वर काही लिहिलं नाही, नुसती पट्टी. भाव बेकार होता ते सोडा.

---

झेडपीच्या_बाई

राग कसला, बरोबरच आहे. फक्त एवढंच की आमच्या कोषाध्यक्ष बाईंनी वारस नोंद करून घेतली ती ग्रामसंघात आल्यावर, आधी नाही. तहसीलला एकटी जायची सवय आधी लागली, मग बाकीचं.

---

शिरोळकर_पुण्यात

खडूसराव, भंग वगैरे काही नाही, उलट बरं झालं. चुलतभावाला लगेच फोन लावला. वारसाचा अर्ज दिलाय म्हणाला, काकीचं नाव आहे, त्याचं आहे, दोन्ही बहिणींचंही आहे. बहिणी नंतर हक्कसोड करून देणार म्हणतायत, स्वतःहून.

---

खडूस_बीडकर

स्वतःहून. बरं बरं 😀

---

तिसरा_मजला

हाहा, "स्वतःहून" वर मी पण थांबले. माहेर तुटू नये, दिवाळीला दार उघडं असावं म्हणून सोडतात हो बहिणी, मी पण सोडलंय. तो वेगळा धागा होईल.

मी कल्याणची, सोसायटीतली गोष्ट. शहरात हे सगळं कधीच संपलं असं गावाकडच्यांना वाटतं, तसं नाही. इथं कुणी बांगड्या फोडत नाही पण संक्रांतीचा जो मेसेज यायचा त्यात "सर्व सुवासिनींनी अगत्याचे करावे" असं छापील आमंत्रणासारखं असायचं आणि ज्यांनी यायचं नाही त्यांना ते न सांगता कळायचं. आमच्या विंगमध्ये कोविडनंतर एकदम चार जणी एकट्या झाल्या, त्यातल्या दोघी तर चाळिशीच्या आतल्या, एकीचा मुलगा माझ्या मुलाच्या वर्गात. दुसऱ्या वर्षी मेसेज टाकायची पाळी ज्या बाईंची होती त्यांनी फक्त "सर्व महिलांनी" असं टाकलं. काही भाषण नाही, काही चर्चा नाही. ग्रुपवर एक-दोघींनी नेहमीचे हात जोडलेले टाकले, बाकी शांतता. मला नंतर कळलं की त्या शांततेत बरेच खाजगी फोन झाले होते 🙂

पण मला जे सांगायचंय ते पुढचं आहे. माझ्या सासूबाई पण त्यातल्याच, सासरे गेले २०१९ ला. मी आपली उत्साहानं म्हटलं आई चला खाली, आता सगळ्यांना बोलावलंय. म्हणाल्या, "मला नको. मी आयुष्यभर दुसऱ्या बायकांना वगळलंय, आता माझ्यावर आल्यावर लगेच नियम बदलला म्हणून मिरवत जाऊ?" मला काही बोलता आलं नाही. बळजबरी करायची का? मी नाही केली. माझी नणंद म्हणते करायला हवी होतीस, आमचं यावर अजून भांडण आहे.

मागच्या संक्रांतीला त्या स्वतःच आल्या खाली, कुंकवासाठी नाही, तिळाच्या वड्या नेऊन द्यायला कुणी नव्हतं म्हणून (निदान कारण तरी तेच सांगितलं). ताट घेऊन फिरणारी जी मुलगी होती, नवीन लग्न झालेली, नागपूरकडची, ती प्रत्येकीला विचारत होती "लावू का?" म्हणजे सगळ्यांनाच, नवरा शेजारी उभा असलेल्यांना सुद्धा. एक जण नको म्हणाली, तिला कुंकवाची ॲलर्जी आहे. सासूबाई म्हणाल्या हळद लाव फक्त. लावली. वर येऊन टीव्ही लावला आणि मालिका बघत बसल्या, त्यावर एक अक्षर नाही. मी पण विचारलं नाही.

---

जुनी_कात्रणं

चर्चा आवडली. काही संदर्भ टाकतो, सवयच आहे.

हेरवाडच्या ठरावामागं करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांची खटपट होती. त्यांनी आधी स्वतःपासून सुरुवात केली, मी गेल्यावर माझ्या बायकोवर हे प्रकार करायचे नाहीत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं. कोरोनात तरुण बायका एवढ्या संख्येनं विधवा झाल्या होत्या की गावागावात हा विषय डोळ्यासमोर होताच.

ज्याला ठराव-ठराव म्हणतोय त्याला कायद्याचं बळ नाही हेही लक्षात घ्या. ग्रामसभेच्या ठरावानं कुणाला शिक्षा होत नाही, परिपत्रकानंही होत नाही. म्हणून बरेच जण म्हणाले कागदी घोडे. मला तसं वाटत नाही, आणि धागाकर्त्यांच्या चुलतभावाचा किस्सा वाचून तर अजिबात वाटत नाही. त्या माणसाला आज्जीशी वाद घालायचा नव्हता. "तुमची प्रथा अमानुष आहे" असं मयताच्या दारात कोण म्हणू शकतं? त्याला फक्त एक निमित्त पाहिजे होतं, की मी नाही म्हणत, गाव म्हणतंय. आता ते गाव शेजारचं का असेना 😀 जो माणूस मनातून कधीचा तयार असतो पण भावकीपुढं तोंड उघडत नाही, अशा माणसाला ठराव तोंड देतो. कल्याणच्या ताईंच्या मेसेजमध्येही तेच झालं, कुणाला कुणाशी भांडावं लागलं नाही.

आणि हात कुणाचा असतो तेही बघा. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळींची सभा झाली होती, तिथं त्यांनी विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे, सत्यशोधक, दीनबंधूचे संपादक. सुधारक मंडळी ज्यांच्या घरात केशवपन व्हायचं त्यांना समजावत होती, आणि इकडे ज्यांच्या हातून ते करवून घेतलं जायचं त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. बांगड्या फोडायला पुढं सरकतात त्या म्हाताऱ्याही बहुतेक वेळा स्वतः विधवाच असतात, त्यांच्यावरही कधीतरी तेच झालेलं असतं. त्या मागं सरकल्या हे मला चुलतभावाच्या बोलण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

---

ओली_सुपारी

मी पहिल्यांदाच लिहितेय इथे, सांभाळून घ्या.

माझं लग्न झालं दोन वर्षांपूर्वी, नगरला (अहिल्यानगर म्हणायला अजून जीभ वळत नाही). बाबा मी नववीत असताना गेले. आमच्यात अशावेळी कन्यादान काका-काकू करतात, माझ्या ताईचं तसंच झालं होतं आणि आई तेव्हा आत सामान काढून देत बसली होती, हॉलमध्ये फोटोला सुद्धा शेवटी आली. माझ्या वेळी मी आधीच सांगितलं की आई बसणार. काका म्हणाले आम्हाला काही नाही पण गुरुजी काय म्हणतील. गुरुजींना विचारलं तर गुरुजी म्हणाले मला काही नाही पण घरच्यांचं काय. म्हणजे कुणालाच काही नव्हतं आणि तरीही ते होत नव्हतं!

मग मला आठवलं की बायको वारलेली असेल तर पुरुष कमरेला सुपारी खोचून धार्मिक कार्याला बसतो, आमच्या मामांनी वास्तुशांत तशीच केली होती. मी गुरुजींना म्हटलं मग बाबांच्या जागी सुपारी चालेल का. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले "शास्त्रात असं कुणी विचारलेलं नाही, पण चालायला हरकत दिसत नाही". झालं. आईनं कमरेला सुपारी खोचली, हिरवी साडी नेसली नाही, मोतिया रंगाची नेसली, तिचं ते ठरलेलं होतं आणि तिथं मी मध्ये पडले नाही. आत्यांपैकी एक जण अक्षता न टाकताच निघून गेली, पण जेवून गेली 😀

पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीनं लग्न लावणाऱ्या स्त्री पुरोहित आहेत, तिथं हे सगळं कधीचं होतं, माझ्या मैत्रिणीचं तसंच झालं. मला पण तो पर्याय होता. पण मला आमच्याच गुरुजींकडून, आमच्याच हॉलमध्ये, त्याच आत्यांसमोर करायचं होतं. हट्ट म्हणा हवं तर.

त्या गुरुजींनी नंतर दुसऱ्या एका लग्नात स्वतःहून हा उपाय सुचवला असं कानावर आलंय.

---

खडूस_बीडकर

सुपारी बेस्ट 👌 ह्याला म्हणतात डोकं.

---

वॉर्ड_नंबर_दोन

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, सांगली जिल्हा. महिला राखीवमधून आले, आता कुणी म्हणेल मिस्टर चालवत असतील, सुरवातीला येऊन बसायचे ते खरंय, आता त्यांना दुकानातून वेळ नाही आणि मलाही त्यांची गरज नाही.

ठरावाची दुसरी बाजू सांगते. परिपत्रक आल्यावर आमच्याकडं २०२२ लाच ठराव झाला. कसा झाला तर ग्रामसेवकांनी वाचला, सगळे मंजूर म्हणाले, पुढचा विषय गटारीचा होता तिथं दोन तास भांडण झालं. म्हणजे गटारीवर जेवढी चर्चा झाली त्याच्या शंभराव्या हिश्शानं विधवा प्रथेवर झाली नाही. महिना-दोन महिन्यांनी ज्यांनी सूचक म्हणून सही केली त्यांच्याच भावकीत मयत झालं आणि सगळं जुन्या पद्धतीनं झालं. मी गेले होते. मी नवीन सदस्य, काय बोलणार, आणि खरं म्हणजे त्या घरातल्या रडारडीत ठरावाचा कागद दाखवायचा ही कल्पनाच कशीतरी वाटते.

मग आम्ही दोघी-तिघी सदस्यांनी एक केलं. मयताच्या दिवशी कुणी ऐकत नाही, तर आधीच घरोघरी जायचं. म्हातारी-कोतारी, आजारी माणूस घरात आहे तिथं तर मुद्दाम नाही, ते वाईट दिसतं. नवराबायको दोघं धडधाकट आहेत तिथं जाऊन आधी नवऱ्यालाच विचारायचं, "तुमच्या माघारी वहिनींचं असं करायचं का?" पुरुष एकदम गडबडतात. कुणी चिडतं, अभद्र बोलू नका म्हणतं. पण बरेच जण म्हणतात नको, नको करू. मग म्हणायचं हे तुमच्या पोरासमोर, भावासमोर बोला एकदा. लिहून बिहून काही घेत नाही आम्ही, फक्त घरात बोलायला लावतो. नंतर तशी वेळ आली त्या एका घरात पोरगाच म्हणाला की आबा बोलून गेलेत, करायचं नाही. तिथं मला एक शब्द बोलावा लागला नाही. दुसऱ्या एका घरात मात्र सगळं बोलून-बिलून सुद्धा जुनंच झालं, माहेरच्या माणसांनी करवलं, सासरचे गप्प बसले. त्यामुळं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही.

१५ ऑगस्टला झेंड्याचं पूजन गावातल्या एकल महिलांच्या हातून करायचं हे मात्र आमच्याकडं आता पक्कं झालंय, त्यावर कुणी काही बोलत नाही. नारळ फोडायला अजून पुरुषच पुढं असतात, तेवढं एक राहिलंय.

---

लातूर_टू_हिंजवडी

वाचतोय. सगळेच प्रतिसाद भारी. @वॉर्ड_नंबर_दोन ताई, एक विचारायचं होतं, आमच्या गावात असा ठराव झालेला नाही (वडिलांना विचारलं, ते म्हणाले कसला ठराव). मी गावात राहत नाही पण मतदार यादीत नाव तिथंच आहे. मी मांडू शकतो का आणि कसं?

---

वॉर्ड_नंबर_दोन

मतदार आहात म्हणजे ग्रामसभेचे सदस्य आहात, मांडू शकता. ग्रामसभा बहुतेक ठिकाणी १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी यांच्या आसपास असते. विषयपत्रिका निघायच्या आधी ग्रामसेवकांकडं (ग्रामपंचायत अधिकारी झालेत आता ते) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय यायचं नाही. अर्जात मे २०२२ च्या ग्रामविकास विभागाच्या परिपत्रकाचा उल्लेख करा म्हणजे "असं काही नसतं" म्हणता येत नाही.

गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, पण त्या सभेला कुणी नसतं, तिथं मंजूर करून काही उपयोग नाही, माझं ऐका.

त्यापेक्षा ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती खरी घ्यायला लावा, रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतलेली नको. तिथं हा विषय आधी येऊ दे. आणि सूचक तुम्ही होऊ नका. तुम्ही हिंजवडीला परत जाणार. गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्या बाईला तयार करा, जिचं गाव ऐकतं. तुमच्या आजी आहेत का?

---

लातूर_टू_हिंजवडी

आहे की आजी. पण ती तर बांगड्या फोडायला सगळ्यात पुढं असते 😅

---

वॉर्ड_नंबर_दोन

मग तिच्याशीच बोला आधी.